माळावर मेंढ्या बंद कराव्यात का? माण तालुक्यातल्या एका गायरानाच्या निमित्ताने

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही उत्तराचा संदर्भ लागेल. माण तालुक्यातल्या तुमच्या गावाला साठेक हेक्टर गायरान आहे. जमीन हलक्या मुरमाची, मधून ओढा जातो, खालच्या टोकाला पाझर तलाव. गवत वर्षागणिक कमी होतंय, पहिल्याच पावसात तांबडं पाणी वाहतं, टाकळा आणि गाजर गवत वाढलंय. गावातली दोनेकशे मेंढरं वर्षभर तिथेच चरतात. शिवाय धनगरांचे एक-दोन मोठे वाडे (कळप घेऊन फिरणारी कुटुंबं) कोकणात जाता-येता चार-पाच दिवस मुक्काम करतात. आता ग्रामसभेत ठराव येऊ घातलाय: बाहेरच्या वाड्यांना बंदी, आणि जमल्यास पूर्ण चराईबंदी करून वृक्षलागवड. ग्रामपंचायत सदस्य म्हणून तुम्ही विचारताय की मेंढरांमुळे माती आणि गवत खरंच बिघडतं का, आणि बंदी घातल्याने ते सुधारेल का.

माझं उत्तर असं: बिघडतं, पण ते मेंढरू कुणाचं आहे यावर ठरत नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांत तुमच्या गवताला सलग किती दिवस विसावा मिळतो यावर जवळजवळ सगळं ठरतं. आज तुमच्या माळाला तो अजिबात मिळत नाही. वाडे बंद केले तरी मिळणार नाही. पूर्ण बंदी केली तर काही वर्षं मिळेल, पण त्यातून दुसऱ्या अडचणी उभ्या राहतील.

मेंढी चरते कशी, ते आधी पाहू. गाय जिभेने गवताचा पुंजका ओढून तोडते, त्यामुळे तिला थोडं उंच गवत लागतं. मेंढीचा वरचा ओठ मधोमध चिरलेला आणि फार चपळ असतो, तोंड निमुळतं असतं. ती जमिनीपासून दोन-तीन सेंटीमीटरपर्यंतचा हिरवा भाग कुरतडू शकते. दुसरं म्हणजे ती निवडून खाते. कोवळं पान, शेवरा, रानमूग अशा द्विदल वेली, मऊ पाल्याची बारीक झाडं आधी संपतात. टाकळा, उन्हाळी, तरवड, गाजर गवत यांना ती शक्यतो तोंड लावत नाही. अशी निवड वर्षानुवर्षं एकाच जागी चालली की नको असलेल्या वनस्पतींना मोकळं रान मिळतं. म्हणून टाकळा उपटण्याच्या मोहिमेने तुमचा माळ सुधारणार नाही. रिकामी झालेली जागा घ्यायला गवत उरलेलं नाही म्हणून टाकळा तिथे आलाय.

आता गवताच्या बाजूने बघा. आपल्या माळावरची चांगली गवतं, म्हणजे शेडा, पवन्या, मारवेल, डोंगरी, ही बहुवर्षायू आहेत. त्यांचा झुबका जमिनीलगत वर्षानुवर्षं जिवंत राहतो. पावसाळ्यात पानांनी तयार केलेलं अन्न बुडख्यात आणि मुळांत साठतं, आणि पुढच्या मृगात पहिला फुटवा त्या साठ्यावर येतो. पहिली तीन-चार पानं येईपर्यंत झुबका बऱ्याच अंशी जुन्या शिदोरीवर जगत असतो. नेमकी तीच पानं मेंढीला सर्वांत गोड लागतात. ती खाल्ली की झुबका उरलेला साठा काढून पुन्हा पानं काढतो, आठवड्याभरात ती पुन्हा खाल्ली जातात. असं तीन-चार वेळा झालं की मुळं आखडतात. वर झुबका जिवंत दिसतो, खाली त्याची मुळं वीतभरही राहिलेली नसतात. मग ऑगस्टमध्ये पावसाने पंधरा-वीस दिवस ओढ दिली की तो जातो. लोक म्हणतात दुष्काळाने गवत गेलं. दुष्काळ निमित्त झाला, मुळं आधीच गेली होती.

याचं मोजमाप जुनं आहे. अमेरिकेच्या मृदसंधारण विभागातले फ्रँकलिन क्रायडर यांनी १९५५ मध्ये गवतं कापून त्यांची मुळं काय करतात ते नोंदलं. निम्म्यापर्यंत पाला गेला तर मुळांच्या वाढीवर फारसा परिणाम होत नाही. ऐंशी टक्के पाला एकदम गेला तर सगळ्या मुळांची वाढ थांबते, आणि सुमारे १२ दिवस थांबूनच राहते. कुरणाच्या कामात ‘निम्मं खा, निम्मं ठेव’ हा जो नियम सांगतात, त्याचा आधार हा आहे. तो आपल्या गवतांनाही लागू पडतो. माळावर त्याचा सोपा अर्थ: चरून झाल्यावर चार बोटं गवत मागे राहिलं पाहिजे.

महाराष्ट्राच्या पठारावरचे माळ शेडा-मारवेल गटात मोडतात. देशभरच्या गवताळ प्रदेशांची पाहणी करून दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये जे पाच गट मांडले, त्यातला हा एक. या गटातले माळ एका ठरावीक पायरीने खाली उतरतात. आधी शेडा, पवन्या, मारवेल कमी होतात. त्यांच्या जागी डोंगरी आणि कुसळी वाढते. चराई तशीच राहिली तर कुसळीही विरळ होते आणि एका पावसात उगवून वाळून जाणारी बारीक, तुसाळ गवतं येतात. शेवटी उघडा मुरूम, मधे मधे टाकळा. तुम्ही पाठवलेल्या वर्णनावरून तुमचा ओढ्याकाठचा भाग कुसळीच्या पायरीवर आणि वरचा उतार शेवटच्या पायरीवर दिसतो. हे वेगळं करणं महत्त्वाचं आहे. जिथे कुसळीचे झुबके अजून दोन-तीन पावलांवर सापडतात, तिथे विसावा दिला की माळ आपला आपण वर चढतो. जिथे झुबकेच संपले आणि वरची मातीही गेली, तिथे नुसत्या विसाव्याने दहा वर्षांतही फारसं काही होत नाही. तिथे बी आणि खत, दोन्ही नेऊन टाकावं लागतं.

कुसळीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण मेंढपाळ आणि गावकरी यांच्यात त्यावरून नेहमी वाद होतो. फुलोऱ्याआधी कुसळी चांगला चारा आहे. एकदा कुसळ धरलं की ते लोकरीत शिरतं, कातडीत घुसतं, कोकरांच्या डोळ्यात आणि तोंडात रुततं. म्हणून काही मेंढपाळ कुसळ धरण्याआधी तो भाग दाबून चारतात, आणि काही जण माघ-फाल्गुनात वाळलेला माळ पेटवतात. पेटवणं मला अजिबात मान्य नाही. आपल्या पाचशे मिलिमीटरच्या पट्ट्यात उन्हाळ्यात जमिनीवर जे काही काडीकचऱ्याचं पांघरूण असतं, ते जाळून टाकल्यावर वळवाचा पहिला ठोका थेट मातीवर बसतो.

मातीचं म्हणाल तर खुरांकडे सगळ्यांचं लक्ष जातं. मेंढी हलकी असते, दख्खनी मेंढी साधारण तीस किलोची, पण तिचा खूरही लहान असतो. त्यामुळे एका चौरस सेंटीमीटरवर पडणारा दाब आपल्याला वाटतो तितका किरकोळ नसतो. ओल्या जमिनीवर, विशेषतः ओढ्याकाठच्या काळ्या मातीवर, कळप रोज फिरला की वरचे पाच-दहा सेंटीमीटर घट्ट होतात आणि पाणी मुरायला वेळ लागतो. कोरड्या मुरमावर उलटं होतं. खुरांनी वरचा थर भुसभुशीत होऊन त्याची धूळ होते, आणि वळवाचा पाऊस ती धुऊन नेतो. तरीही खुरांचं नुकसान बहुतेक ठिकाणी एक-दोन पावसाळ्यांच्या विसाव्यात भरून निघतं, कारण मुळं, वाळवी, गांडुळं आणि शेणकिडे माती पुन्हा मोकळी करतात. खरं मोठं नुकसान पांघरूण जाण्याचं आहे. उघड्या मातीवर थेंब आदळला की कण फुटतात, बारीक गाळ छिद्रांत बसतो, वर पापडी धरते. मग पाणी मुरत नाही, वाहतं, आणि जाताना सर्वांत सुपीक बारीक माती घेऊन जातं. तुमच्या पाझर तलावात येणारं तांबडं पाणी म्हणजे ही माती आहे. तलावाचा गाळ उपसत राहण्यापेक्षा वरच्या उतारावर गवत धरणं स्वस्त पडेल.

माती किती गेली हे डोळ्यांनी बघता येतं. माळावर जाऊन जुन्या झुबक्याच्या बुडाशी बसा. झुबका मातीच्या छोट्या ओट्यावर उभा असेल आणि आजूबाजूची जमीन दोन-चार बोटं खाली असेल, तर तेवढी माती वाहून गेली आहे. झुबक्याच्या मुळांनी धरून ठेवलेली तेवढीच मागे राहिली. दगडांच्या कडेला दिसणारा फिकट पट्टाही हेच सांगतो.

आता अशा गोष्टीकडे येतो जी या चर्चेत सहसा कुणी काढत नाही. मेंढरं दिवसभर माळावर चरतात आणि रात्री शेतात बसतात. शेतकरी त्यासाठी धान्य किंवा पैसे देतो, कारण लेंडी आणि मूत यांचं खत त्याला हवं असतं. एक मेंढी दिवसाला साधारण अर्धा किलो लेंडी टाकते, त्यातला बराच वाटा रात्रीच्या बसण्यात पडतो. म्हणजे माळावरचं नत्र, स्फुरद, पालाश रोज संध्याकाळी चालत शेतात जातं. शेतासाठी हे फार मोलाचं आहे, रब्बी ज्वारीच्या रानात बसवलेल्या मेंढरांचा फरक दोन-तीन वर्षं दिसतो. पण माळ मात्र पिढ्यान् पिढ्या देतच आला आहे, त्याला परत काही मिळालेलं नाही. आपल्याकडचे जुने माळ नापीक का, याची चर्चा करताना हा हिशोब धरला पाहिजे.

याच हिशोबात उपायही आहे. केनियाच्या नैर्ऋत्य भागात पशुपालकांच्या प्राचीन वस्त्यांवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. साधारण दीड हजार ते साडेतीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी जिथे रात्री जनावरं कोंडली जात, त्या जागांची माती आजही आजूबाजूपेक्षा सुपीक आहे. तिथे गवत चांगलं येतं आणि हरणं, झेब्रे तिथे चरायला येतात. काही काळ रात्रीची वस्ती, मग जागा सोडून देणं, एवढ्याने हे घडलं. तुमच्या वरच्या उघड्या उतारासाठी मला याहून स्वस्त खत दिसत नाही. म्हणून माझा सल्ला ठरावाच्या नेमका उलट आहे. कोकणातून परतणारे वाडे वैशाखात येतात तेव्हा त्यांना हाकलू नका. पंचायतीने शेतकऱ्यासारखाच मोबदला देऊन त्यांना गायरानाच्या उजाड पट्ट्यांवर बसवा. एका जागी दोन, फार तर तीन रात्री, मग वाघूर (मेंढरं कोंडायची जाळी) पुढे सरकवायची. त्याहून जास्त बसवलं तर मुताने जमीन जळते आणि पहिल्या वर्षी तिथे काहीच उगवत नाही. तलावाच्या अगदी वरच्या अंगाला आणि ओढ्याच्या काठावर मात्र बसवू नका, पहिल्या पावसात ते सगळं पाण्यात जाईल. पहिल्या पावसाळ्यात बसवणीच्या जागी टाकळा आणि हरळी येईल, त्याने नाराज होऊ नका. पांघरूण धरलं हे पहिलं यश आहे.

बाहेरच्या वाड्यांचा माळावर किती भार पडतो, ते आकड्यांत मांडून बघू. एका मेंढीला दिवसाला साधारण एक किलो कोरडा चारा लागतो. तुमच्यासारख्या खालावलेल्या माळावर हेक्टरी आठशे किलो कोरडं गवत येतं असं धरू. निम्मं ठेवायचं म्हणजे खाण्यासाठी चारशे. साठ हेक्टरांत २४,००० किलो, म्हणजे एका मेंढीचे २४,००० दिवस. गावातली दोनशे मेंढरं पावसाळ्याच्या १२० दिवसांत बरोबर तेवढं संपवतात. उरलेले आठ महिने ती जे खातात ते मागे ठेवायच्या निम्म्यातून जातं, बांधावरचं आणि कापणीनंतरच्या रानातलं वगळून. गावची गुरं आणि शेळ्या अजून मोजलेल्याच नाहीत. पाचशे मेंढरांचा वाडा पाच दिवस थांबला तर २,५०० मेंढी-दिवस होतात. वर्षाला असे दोन मुक्काम धरले तर पाच हजार. त्यातला दिवाळीनंतरचा मुक्काम बी गळून गेल्यावरचा, त्याने गवताच्या मुळांना जवळजवळ काही होत नाही. उलट खुरांनी बी जमिनीत दाबलं जातं. धनगर समाजातल्या या माणसांना गावोगाव माळ उजाड केल्याचा दोष दिला जातो, तो मला अन्यायाचा वाटतो. त्यांची पद्धतच फिरतीची आहे, आणि फिरती म्हणजे मागे राहिलेल्या माळाला विसावा.

एक अडचण मात्र खरी आहे. पठारावरचे मेंढपाळ दिवाळीच्या सुमारास कोकणाकडे उतरतात आणि पावसाआधी परततात, कारण कोकणातला पाऊस मेंढीला मानवत नाही. त्यामुळे जे चार महिने गवत वाढतं, नेमक्या त्याच चार महिन्यांत सगळी मेंढरं माणदेशातल्या माळांवर असतात. पूर्वी माळ मोठे होते, पडीक राने भरपूर होती, म्हणून हे निभावलं. आता गायरानांवर अतिक्रमणं झाली, राखीव जागांना कुंपणं पडली, माळ फोडून डाळिंब आलं. तेवढीच मेंढरं कमी जागेत आली की विसावा आपोआप संपतो. या चार महिन्यांचं काय करायचं, हा तुमच्या गावापुढचा मुख्य प्रश्न आहे.

पूर्ण बंदीचं म्हणाल तर तिच्या बाजूने नगर जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारची उदाहरणं दिली जातात. ती खरी आहेत, तिथे गवत आलं, पाणी आलं. पण तिथे चराईबंदीबरोबर पाणलोटाचं मोठं काम झालं, आणि हिवरे बाजारात गवत विळ्याने कापून घरी न्यायची पद्धत बसवली गेली. म्हणजे गवताचा वापर थांबला नाही, वापरण्याची रीत बदलली. गोठ्यात गाई बांधून दूध करणाऱ्या गावाला हे जमतं. ज्या घरांचं पोट चाळीस मेंढरांवर आहे, त्यांना विळ्याने कापून मेंढरं पोसणं शक्य नाही. अशा घरांवर बंदी लादली तर मेंढरं शेजारच्या गावच्या माळावर जातात, किंवा रात्री याच माळावर येतात.

बंदी लांबली की दुसरी गोष्ट घडते. पहिली तीन-चार वर्षं फार सुंदर दिसतं. मग वाळलेलं गवत वर्षावर वर्ष साठतं, झुबक्याच्या मध्यावर ऊन पोचत नाही, झुबका आतून मरतो आणि कडेने जगतो. एक ठिणगी पडली की सगळा माळ जातो. उत्तराखंडातल्या फुलांच्या घाटीत १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यावर मेंढ्या-बकऱ्यांची चराई थांबली. त्यानंतर पॉलिगोनम नावाची उंच वाढणारी वनस्पती मोठ्या भागात पसरली आणि ती दरवर्षी उपटावी लागते. त्याला बंदीच कारण होती का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानाचं चित्र जास्त स्पष्ट आहे. १९८२ मध्येच तिथे म्हशींची चराई बंद झाली आणि उथळ पाण्यातलं गवत इतकं माजलं की पाणपक्ष्यांना मोकळी जागा उरेना. हिमालयातली घाटी, राजस्थानातली पाणथळ आणि आपला कोरडा माळ एक नव्हेत हे मला मान्य आहे. पण चराई थांबवली की जागा आपोआप पूर्वीसारखी होते, हा समज चुकीचा आहे, एवढं त्यातून दिसतं.

वृक्षलागवडीबद्दल माझं मत ठाम आहे. जिथे गवताची मुळी अजून जिवंत आहे, तिथे चर खोदून गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावू नका. सरकारी दप्तरात माळ ‘पडीक’ म्हणून लिहिलेला असतो, आणि पडीक म्हटलं की त्यावर झाडं लावायची घाई होते. चर खोदताना दाट मुळांची सलग जाळी फाटते, आणि ती पुन्हा धरायला बरीच वर्षं लागतात. दाट झाडांच्या सावलीत आपली माळगवतं टिकत नाहीत. चंडोल, धाविक, चिंकारा, लांडगा, आणि एके काळचा सोलापूर भागातला माळढोक हे सगळे मोकळ्या गवताळ माळाचे जीव. बोर, हिवर, बाभूळ अशी जुनी झाडं हेक्टरी वीस-पंचवीस असली की पुरे. त्यांच्या शेंगा आणि बोरं उन्हाळ्यात मेंढरांना आधार देतात. वेड्या बाभळीला मात्र आत्ताच आवरा, जनावरं तिच्या शेंगा खातात आणि लेंडीतून, शेणातून बी सगळीकडे पसरतं.

मग करायचं काय. गायरानाचे ओढा, पाऊलवाट, बांध अशा डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवर चार भाग करा. कुंपणाचा खर्च करू नका, मेंढरांबरोबर माणूस असतोच. मृग लागल्यापासून गवत वीतभर होईपर्यंत चारही भाग बंद. पाऊस वेळेवर असेल तर साधारण पुनर्वसूच्या मध्यापर्यंत. सबंध योजनेत एकच गोष्ट पाळता आली तर ही पाळा. या महिन्याभरात मेंढरं जातील कुठे? तुमच्याकडे रब्बी ज्वारीची राने खरिपात मोकळी असतात. त्यात तण उगवतं, शेतकऱ्याला ते नको असतं आणि खत हवं असतं. मेंढरं तिथे चरवा आणि बसवा. काळ्या रानात वाफसा नसताना मात्र मेंढरं घालू नका, हलक्या आणि मध्यम रानांत घाला. अडचणीच्या दिवसांसाठी कडब्याचा थोडा साठा ठेवावा लागेल, त्याला पंचायतीने हातभार लावावा.

गवत वीतभर झालं की तीन भाग उघडा. चौथा दिवाळीपर्यंत पूर्ण बंद, तिथे बी पिकून गळू द्यायचं. दरवर्षी बंद भाग बदलला की चार वर्षांत प्रत्येक भागाला एकदा पूर्ण पावसाळा मिळतो. उघडलेल्या तीन भागांचे मिळून नऊ तुकडे करा आणि एका तुकड्यात चार-पाच दिवसच चारा. पावसाळ्यात चरलेलं गवत आठवड्यात पुन्हा फुटतं, आणि तो दुसरा फुटवा खाल्ला जाणं सर्वांत वाईट. नऊ तुकडे फिरून पुन्हा पहिल्यावर येईपर्यंत त्याला महिनाभराहून जास्त दिवस मिळतात. पाऊस लांबला तर फेरा लांबवा, कॅलेंडर पाहून चालू नका, गवत पाहून चाला. आणि हिशोब लक्षात ठेवा: सुरुवातीची दोन-तीन वर्षं दोनशे मेंढरांचा पूर्ण भार हा माळ उचलणार नाही. निम्मा चारा शेतातून, बांधावरून, शेंगांमधून यावा लागेल. फेरे कितीही नीट फिरवले तरी संख्येचा ताण त्याने नाहीसा होत नाही.

हे मुद्दाम सांगतोय, कारण झिम्बाब्वेचे अ‍ॅलन सेव्हरी यांचे व्हिडिओ बघून बरीच तरुण मंडळी विचारतात की मोठा कळप दाटीने थोडे दिवस फिरवला तर वाळवंटही हिरवं होतं ना. निरनिराळ्या देशांत झालेल्या चाचण्यांमध्ये, जनावरांची संख्या सारखी ठेवली तर फिरती चराई सलग चराईपेक्षा ठळकपणे सरस ठरलेली दिसत नाही. जनावरांची संख्या आणि पाऊस यांचाच परिणाम मोठा निघतो. आपल्या उथळ मुरमाच्या उतारावर दाट कळपाच्या खुरांनी पापडी फोडायला गेलात तर माती सुटी होईल आणि वाहून जाईल. त्यांच्या सांगण्यातला विसाव्याचा भाग घ्या, दाटीचा सोडा.

वरच्या उजाड उतारासाठी बी लागेल. मारवेल, डोंगरी, पवन्याचं बी बंद भागातून कार्तिकात गोळा करा. ताजं बी लगेच नीट उगवत नाही, सहा-आठ महिने कोरड्या जागी ठेवलेलं चांगलं उगवतं, त्यामुळे पुढच्या मृगाआधी टाकायला ते तयार होतं. माती आणि लेंडी खतात मिसळून, वैशाखात मेंढरं बसवलेल्या पट्ट्यांवर कुदळीने वरवर ओरखडून टाका. सोबत स्टायलो घ्या, ते द्विदल आहे, नत्र धरतं आणि मेंढी आवडीने खाते. त्याच्या बियांचं कवच कठीण असतं, गरम पाण्यात काही मिनिटं ठेवून किंवा वाळूत चोळून पेरा. पहिला पावसाळा तिथे एकही तोंड लागू देऊ नका, दुसऱ्या वर्षी विळ्याने कापा, तिसऱ्या वर्षी मेंढरं सोडा.

जाता जाता जंतनाशकाबद्दल. आयव्हरमेक्टिन दिल्यावर काही दिवस ते लेंडीतून बाहेर पडतं आणि शेणकिड्यांच्या अळ्या मारतं. हे किडेच लेंडी मातीत नेतात. औषध दिल्यावर चार-पाच दिवस मेंढरं माळावर न सोडता बंदिस्त जागेतच ठेवलीत तर बरं, आणि गरज नसताना सगळ्या कळपाला औषध पाजू नका. तुकडे बदलत चरल्याने जंतांचा प्रादुर्भावही काहीसा कमी होतो.

परिणाम मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. प्रत्येक भागात दोन मीटर बाय दोन मीटरचा एक चौकोन काटेरी फांद्यांनी कायमचा बंद करा. आतलं आणि बाहेरचं गवत बघितलं की चराईने काय केलं ते शाळेतलं पोरही सांगेल. दरवर्षी दिवाळीनंतर ठरलेल्या रेषेवर शंभर पावलं चाला आणि प्रत्येक पावलाच्या टोकाखाली काय आहे ते लिहा: झुबका, वर्षायू गवत, काडीकचरा, दगड की उघडी माती. उघड्या मातीचा आकडा खाली आला पाहिजे, तोही आधी पावसाळ्याच्या शेवटी आणि मग हळूहळू मे महिन्यातही. पाणी मुरण्यासाठी दोन्ही तोंडं उघडी असलेला पत्र्याचा डबा चार बोटं जमिनीत ठोका, ठरलेलं पाणी ओता, घड्याळ लावा. बंद चौकोनातला आणि बाहेरचा वेळ शेजारी शेजारी लिहा. मातीतला सेंद्रिय कर्ब दोन वर्षांत बदलेल अशी आशा धरू नका, त्याला बराच जास्त काळ लागतो.

ठरावाचा मसुदा म्हणून मी एवढंच सुचवीन: मृगापासून गवत वीतभर होईपर्यंत सर्वांना बंद, त्यात गावचे आणि बाहेरचे असा भेद नाही, दरवर्षी एक चतुर्थांश भाग दिवाळीपर्यंत राखीव, बाहेरच्या वाड्यांना कार्तिकात ठरलेल्या भागांत पाच दिवसांपर्यंत मुक्काम, आणि वैशाखात उजाड पट्ट्यांवर मोबदला देऊन बसवणी, आग लावणाऱ्यावर दंड. चार भागांच्या हद्दी ठरवताना गावच्या मेंढपाळ घरांतली म्हातारी माणसं सोबत घ्या, कुठे आधी ओल धरते आणि कुठे कुसळ आधी येतं हे त्यांना पाठ असतं. वाड्यांशी बोलणं दसऱ्याआधी करा. एकदा ते घाटाखाली उतरले की मग वैशाखापर्यंत गाठ पडणार नाही.